नाल्याचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागते?

सांताक्रूझचे नाव देशभर पोहोचले ते ९४४ या आकड्यामुळे. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. पाऊस किती पडला याची नोंद सरकारकडे आहे. पाणी कोणत्या नाल्यातून उलटले, कुठली मोरी कचऱ्याने बुजली होती, कुणाच्या भिंतीने प्रवाह अडवला, हे मात्र बहुतेक लोकांच्या आठवणीतच राहिले. कॅमेरा असलेला फोन तेव्हा फार थोड्यांच्या खिशात होता.

आता तो रिक्षावाल्याकडेही आहे आणि कॉलेजच्या पोरीकडेही. मिलन सबवेत पाणी भरले की पाचव्या मिनिटाला त्याचा व्हिडिओ फिरतो. महापालिका स्वतः सांगते की खड्डा दिसला, कचरा दिसला तर ॲपवर फोटो टाका. एवढे असूनही वाकोल्याच्या नाल्याकाठी किंवा एखाद्या नव्या पुलाच्या खांबाजवळ फोन वर केला की कुणीतरी येऊन विचारते, "फोटो कायको?" हा प्रश्न सगळ्यांना विचारला जातो, पण सारख्या आवाजात विचारला जात नाही. या मासिकाच्या वाचकांना तो फरक समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून आधी साधा प्रश्न. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून पूल, नाला, पंपिंग स्टेशनचा दरवाजा, मेट्रोचा खांब यांचा फोटो काढायला कोणता कायदा मनाई करतो?

लोक पहिले नाव घेतात ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टचे. हा कायदा १९२३ चा, इंग्रजांचा. त्यात 'निषिद्ध स्थळ' अशी संकल्पना आहे. लष्कर, नौदल, हवाई दलाच्या जागा, शस्त्रांचे कारखाने हे त्यात थेट येतात. रेल्वे, रस्ते, पाणी आणि विजेची कामे अशा सार्वजनिक उपयोगाच्या जागा मात्र आपोआप निषिद्ध होत नाहीत. त्यासाठी केंद्र सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि त्या अधिसूचनेची प्रत त्या जागेवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत चिकटवलेली असावी लागते. आपल्याकडे स्थानिक भाषा म्हणजे मराठी. माझ्या रोजच्या वाटेवर 'फोटो काढण्यास मनाई आहे' अशा पाट्या पुष्कळ आहेत. राजपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली एकही पाटी मी अजून पाहिलेली नाही. रंगाऱ्याकडून दोनशे रुपयांत करून घेतलेली पाटी म्हणजे अधिसूचना नव्हे.

पोलीस ठाण्याचेच घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एका माणसावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. निषिद्ध स्थळांच्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पोलीस ठाण्याच्या आतले चित्रीकरण जर या कायद्यात बसत नसेल, तर रस्त्यावरून दिसणारा नाला कसा बसेल?

हा कायदा निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नका. त्याच्या तिसऱ्या कलमात एक वाक्य आहे जे आपल्या प्रत्येक मुलाने एकदा तरी वाचावे. आरोपीने देशाला घातक असे अमुक एक कृत्य केले हे सिद्ध झाले नाही तरी चालेल. परिस्थितीवरून, त्याच्या वागण्यावरून किंवा त्याच्या 'ज्ञात चारित्र्या'वरून त्याचा हेतू घातक वाटला तर त्याला दोषी धरता येते. चारित्र्य कुणाचे, आणि ते कुणाला ज्ञात? शंभर वर्षांपूर्वी इंग्रज अधिकाऱ्याला ज्या हिंदुस्थानी माणसाचा संशय येई, त्याच्यासाठी हे वाक्य लिहिले गेले. इंग्रज गेले, वाक्य राहिले.

खरी बंधने काही आहेत, आणि ती पाळायला हवीत. विमानतळावर आणि उडत्या विमानातून फोटो काढण्यावर १९३७ च्या विमान नियमांतला १३ वा नियम लागू होतो. प्रवाशांना आज विमानात सेल्फी काढता येतो तो त्यातल्या सवलतीमुळे. मुंबई पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन उडवण्यावर बंदी घालतात, आणि आपल्या डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जात असताना तिला विरोध करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. रेल्वेच्या रुळांवर उतरणे हा गुन्हाच आहे. नौदलाच्या गोदीची भिंत, लष्कराची छावणी यांच्यापासून कॅमेरा लांब ठेवा. माझा मुद्दा एवढाच की जी गोष्ट फूटपाथवरून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहतो, तिचा फोटो काढणे वेगळे आणि कुंपण ओलांडून आत जाणे वेगळे.

उलट बाजूने कायदा काय म्हणतो तेही बघा. राज्यघटनेच्या १९(१)(अ) कलमातल्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायचे तर ते कायद्याने घालावे लागते. वॉचमनच्या साहेबांनी फोनवर सांगितले, एवढे पुरत नाही. इमारतीचा फोटो काढल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, असे कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातच लिहिले आहे. आणि माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा तर याच्याही पुढे जातो. त्यातल्या 'माहितीचा अधिकार' या व्याख्येत कागदपत्रांबरोबर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे पुलाला वापरलेल्या काँक्रीटचा तुकडा मागण्याचा हक्क मला आहे. त्याच पुलाचा फोटो काढायला मनाई आहे असे सांगणाऱ्याने आधी या दोन गोष्टींचा मेळ घालून दाखवावा.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो, कारण तो टाळून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डेव्हिड हेडलीने मुंबईत फिरून फोटो आणि व्हिडिओ काढले होते. २००६ ते २००८ या काळात तो पुन्हा पुन्हा इथे आला, ताज, सीएसटी आणि इतर ठिकाणांचे चित्रीकरण केले आणि ते लष्कर-ए-तोयबाला दिले. २६ नोव्हेंबर २००८ ला काय झाले ते आपण सगळे जाणतो. २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयासमोर व्हिडिओ लिंकवरून साक्षही दिली. तेव्हा कॅमेऱ्याचा वाईट वापर होतो हे खरेच आहे.

पण हेडली पकडला का गेला नाही? त्याचे मूळ नाव दाऊद गिलानी. ते त्याने २००६ मध्ये बदलले. अमेरिकी पासपोर्ट, गोरा रंग, इंग्रजी बोलणे, ताडदेवला इमिग्रेशनचे ऑफिस. दाऊद हे नाव घेऊन फिरला असता तर कदाचित एखाद्या हवालदाराने हटकले असते. डेव्हिडला सगळ्यांनी सलाम ठोकला. दाढी, टोपी, नाव बघून संशय घेण्याची जी सवय आपल्या सुरक्षाव्यवस्थेला लागली आहे, तिचा फायदा हेडलीने उचलला. या सवयीने गोळीबारातल्या मुस्लिम पोराचा दिवस वाया जातो आणि शहरही सुरक्षित होत नाही. शिवाय खरी गुपिते आजकाल फुटतात ती बहुधा आतून. २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला याच कायद्याखाली अटक झाली. त्या खटल्याचा निकाल लागायचा तो लागो, पण आरोप रस्त्यावर उभे राहून फोटो काढल्याचा नाही, एवढे तरी ध्यानात घ्या.

आपल्या घरांतली भीती मात्र हेडलीपेक्षा जुनी आणि जवळची आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. त्यांतला एक खार आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये. १८० हून अधिक माणसे गेली; त्यांत आपल्या गल्लीतले, आपल्या डब्यातले लोक होते. त्या खटल्यात २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत या निकालाचा दाखला म्हणून वापर स्थगित केला, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही; प्रकरण तिथे पुढे चालेल. त्या खटल्यात स्फोटके आणि शस्त्रांबरोबर नकाशेही जप्त केल्याचे दाखवले होते. उच्च न्यायालयाने त्या जप्तीला महत्त्व दिले नाही, पण हे म्हणायला एकोणीस वर्षे गेली.

नकाशा हा शब्द माझ्या कामातला आहे. दिवसभर मी लोकांना पत्ते सापडावेत यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या भागातल्या गल्ल्या, पायऱ्या, पादचारी पूल, सार्वजनिक नळ आणि शौचालये टाकतो. गोळीबार, वाकोला, दवरी नगर या भागांत अशा अनेक वाटा आहेत ज्या कुठल्याच कंपनीच्या नकाशावर धड नाहीत, आणि ॲम्ब्युलन्सवाला मुख्य रस्त्यावर उभा राहून फोन करत बसतो. त्यामुळे अम्मी जेव्हा म्हणतात, "बेटा, नकाशा-बिकाशा दुसऱ्यांना करू दे," तेव्हा त्यांना काय आठवते आहे ते मला कळते. त्यांची समजूत काढायला माझ्याकडे कायद्याचे कलम आहे. त्यांच्याकडे २००६ नंतरची सगळी वर्षे आहेत.

एकदा एका पुलाच्या कामाजवळ मी आणि ऑफिसमधला एक मित्र दोघेही फूटपाथवरून फोटो काढत होतो. सुरक्षारक्षक आला. मला म्हणाला, "फोटो कायको निकालता है? नाम क्या तेरा?" नाव सांगितले. "आयकार्ड दिखा, मोबाइल दे." मग मित्राकडे वळून, "साहब, आप इसके साथ हो क्या?" मित्राच्या हातातही फोनच होता, आणि माझ्यापेक्षा चांगला. अर्धा तास थांबवून ठेवल्यावर सोडले. त्या रक्षकाचा मला राग नाही. बारा तासांची ड्युटी करणारा, बिहारहून आलेला पोरगा, त्याला वरून जे सांगितले ते तो करत होता. प्रश्न वरच्यांना आहे. 'संशयित दिसला तर थांबवा' एवढीच सूचना दिली की संशयित कसा दिसतो हे प्रत्येक जण टीव्हीवरून ठरवतो.

याच रस्त्यावरून कंपन्यांच्या गाड्या छतावर चारी बाजूंचे कॅमेरे लावून फिरून गेल्या आहेत. गूगल स्ट्रीट व्ह्यूला केंद्राने २०१६ मध्ये सुरक्षेचे कारण देऊन नकार दिला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांबाबतची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि जुलै २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांना सोबत घेऊन हीच सेवा मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगरसह दहा शहरांत सुरू झाली. आज कराची असो की कॅलिफोर्निया, कुणीही खुर्चीत बसून आपले रस्ते बघू शकतो. आपल्यावर रोखलेले कॅमेरे वेगळेच: २०१६ पासून शहरभर बसवलेले पोलिसांचे हजारो सीसीटीव्ही, मेट्रो स्टेशनवरचे, सोसायट्यांचे. सांताक्रूझच्या भुयारी मेट्रो स्टेशनात जिना उतरता उतरता माझा चेहरा किती वेळा टिपला जातो ते मी मोजायचे सोडून दिले. सरकार मला बघते याबद्दल माझी तक्रार आहे, पण ती दुसऱ्या लेखाची. इथे इतकेच विचारतो की मी सरकारचे काम का बघू नये?

बघण्याने काय होते त्याचे उदाहरण शेजारच्या अंधेरीत आहे. ३ जुलै २०१८ ला गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. पुढे अख्खा पूल पाडून नवा बांधला गेला आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला त्याची एक बाजू खुली झाली. तेव्हा लोकांना दिसले की नवा पूल वर राहिला आहे आणि त्याला जोडला जाणारा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खाली. रस्त्यावरच्या माणसांनी फोटो काढले आणि सगळे शहर हसले. त्या हसण्याने जे झाले ते दहा पत्रांनी झाले नसते. व्हीजेटीआयचा सल्ला घेतला गेला, बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले. कुणी त्या फोटोवाल्यांना 'महत्त्वाच्या पायाभूत सुविधेचे चित्रीकरण' म्हणून हटकले असते तर?

उलटे उदाहरण सीएसएमटीजवळच्या हिमालय पुलाचे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी तो पडला, सात जण गेले. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्ती करून वापरण्याजोगा ठरवला होता. अहवाल फाइलमध्ये होता, पूल लोकांच्या पायाखाली. आणि आपल्या अगदी दाराशी मिठी आहे, जिला वाकोला नाला जाऊन मिळतो. तिच्यातला गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. आरोपींत कंत्राटदार आहेत आणि पालिकेचे अधिकारीही. गाळ किती निघाला हे बिलावरून कळत नाही. काठावर राहणाऱ्या माणसाला ते दिसते, आणि मे महिन्यात दर आठवड्याला एकाच जागेवरून काढलेले चार फोटो कुठल्याही बिलाची उलटतपासणी करू शकतात.

हा झगडा फक्त आपल्याकडचा नाही. मुंबईचे माहितीपटकार राकेश शर्मा २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हातातल्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करत होते. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, परवाना कुठे आहे म्हणून विचारले. ते तिथल्या नागरी हक्क संघटनेच्या मदतीने न्यायालयात गेले, आणि २००८ मध्ये शहराला लेखी नियम करावे लागले: हातातल्या कॅमेऱ्याने रस्त्यावर चित्रीकरण करायला परवाना लागत नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यातल्या ४४ व्या कलमाखाली कारणाशिवाय कुणालाही थांबवून झडती घेता येई. छायाचित्रकार आणि आशियाई, कृष्णवर्णीय तरुण त्याला सर्वाधिक वैतागले होते. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते कलम खासगीपणाच्या हक्काचा भंग करते असा निकाल दिला. दोन्हीकडे बदल झाला तो कुणीतरी चिकाटीने 'लेखी दाखवा' म्हटल्यामुळे.

आपल्या मुलांना मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, थोडी कडू. पुलाचा फोटो काढण्याचा हक्क म्हणजे पुलाखाली राहणाऱ्या बाईचा फोटो काढण्याचा हक्क नव्हे. वस्तीत कॅमेरा आला की लोक तोंड फिरवतात, त्याला कारण आहे. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेपासून मुंबईतल्या झोपडीचे अस्तित्व 'फोटोपास'वर टांगलेले आहे, आणि दारावर आकडा टाकून फोटो काढणारी माणसे येऊन गेली की मागून कधी तरी बुलडोझर येतो. नाल्याचा फोटो काढताना काठावर कुणाची न्हाणी उघडी असेल तर फोन खाली करा. लोकांना आधी सांगा, काढलेला फोटो दाखवा. रील बनवायला गरिबाची गटार वापरू नका. हा अदब आपल्याला घरात शिकवलेला आहे.

कुणी थांबवलेच तर पळू नका आणि हिरोगिरीही करू नका. 'दादा, कोणत्या आदेशाने मनाई आहे, तो दाखवता का?' एवढे शांतपणे विचारा. खासगी सुरक्षारक्षकाला तुमचा फोन उघडून बघण्याचा किंवा फोटो पुसायला लावण्याचा अधिकार नाही. पोलिसांना संशयास्पद वस्तू जप्त करता येते, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ व्या कलमानुसार त्याची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि १०५ वे कलम म्हणते की झडती-जप्तीचे चित्रीकरण पोलिसांनीच करायचे, शक्यतो मोबाइलवर. फोन घेतला तर जप्तीची पावती मागा आणि घरी किंवा ओळखीच्या वकिलाला लगेच कळवा. एकटे जाण्यापेक्षा दोघे-तिघे जा, सोबत मुलगी असेल तर बरेच. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगतो.

आणि पाटी दिसली की एक काम करा. पाटीचा फोटो घ्या, तो तर घेता येतोच. मग ती ज्यांची जागा आहे त्यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. नाला असेल तर एच-पूर्व विभागाचे कार्यालय प्रभात कॉलनीत आहे. अर्जात तीनच गोष्टी विचारा: ही मनाई कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, राजपत्रातल्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख काय, आणि पाटी लावण्याचा आदेश कुणी, केव्हा दिला, त्याची प्रत. फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. उत्तर आले, किंवा अशी माहिती उपलब्ध नाही असे लेखी आले, तरी ते मासिकाकडे पाठवा. पाटीगणिक ती उत्तरे नकाशावर टाकायचे काम माझ्याकडे.